तीन तबकड्यांतले निळू फुले

निळू फुले यांच्या तीन चित्रपटांचा डीव्हीडी संच गेल्या महिन्यात एका जुन्या दुकानातून अडीचशे रुपयांना घेतला. संचात ‘एक गाव बारा भानगडी’, ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ आहेत. वेष्टनावर मात्र पिळदार मिशी आणि त्याखाली ‘बाई, वाड्यावर या’ हे ठरलेले वाक्य छापले आहे. आत ‘सिंहासन’मधल्या पत्रकार दिगू टिपणीससारखी भूमिका असताना वरून असा माल विकावा, याचे वाईट वाटले. पण आमची आजी दूरदर्शनवर त्यांचा चेहरा दिसताच ‘मेला आला’ म्हणून स्वयंपाकघरात निघून जायची, हेही तितकेच खरे आहे.

पहिल्या तबकडीतील, १९६८च्या ‘एक गाव बारा भानगडी’तला झेलेअण्णा पाहताना, हा नट ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्यातून आला आहे हे लगेच जाणवते. वाक्य अर्धवट सोडून प्रेक्षकांचा हशा पुरा होऊ देण्याची वगातली सवय पडद्यावरही त्यांच्यासोबत आलेली दिसते.

संचाची खरी किंमत वसूल होते ती ‘सामना’त. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, आणि समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा, फाटका मास्तर. त्या मास्तरला घरी आणून खाऊ-पिऊ घालणारे हिंदुराव धोंडे पाटील हे गावाचे, साखर कारखान्याचे आणि जमल्यास माणसांच्या तोंडाचेही मालक आहेत. फुले यांनी ही सत्ता आवाज चढवून दाखवलेली नाही. खर्जातला, किंचित ओढलेला, घशात घोळवलेला तो आवाज पाहुणचार करतानाही हुकूम सोडत असतो. गावातून नाहीशा झालेल्या माणसाबद्दलचा ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न मास्तर लावून धरतो, तसे त्या आदबशीर बोलण्यातले मार्दव आटत जाते, आणि हे आटणे चेहऱ्यापेक्षा आधी आवाजात कळते. नेमक्या याच चित्रपटाचा ध्वनी मात्र या संचात इतका खोल गेला आहे की, संवाद ऐकण्यासाठी आवाज वाढवावा आणि गाणे सुरू होताच शेजाऱ्यांच्या भीतीने रिमोट शोधावा. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत असलेल्या चित्रपटाची प्रत अशी असू नये.

१९७९चा ‘सिंहासन’ अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेला आहे. मुख्यमंत्री, मंत्री आणि कामगारपुढारी यांच्यामध्ये हिंडणारा पत्रकार दिगू जवळजवळ सारा वेळ ऐकतच असतो. हिंदुरावांच्या रुबाबाचा मागमूसही त्या खांद्यांत उरलेला नाही. माझी तबकडी मध्येच अडकली. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली, एवढे त्याच्या बाजूने नोंदवतो.

संचाचे मोठे उणेपण म्हणजे त्यात रंगभूमीला जागाच नाही. १९७२ साली कमलाकर सारंगांनी ‘सखाराम बाइंडर’ बसवले, तेव्हा टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, शिवराळ पण स्वतःच्या नियमांना बांधलेला सखाराम फुले यांनीच उभा केला. सेन्सॉर आणि न्यायालयापर्यंत गेलेल्या या प्रयोगांबद्दल सोबतच्या घडीपत्रिकेत निदान दोन परिच्छेद हवे होते. तिथे फक्त चित्रपटांची यादी आणि ‘खलनायकांचा बादशहा’ हे बिरुद आहे. राष्ट्र सेवा दलात घडलेल्या, लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेल्या आणि पुढे सामाजिक कार्यकर्त्यांना हातभार लावणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटणाऱ्या माणसाची ओळख एवढ्यावर आटोपावी, हे आळशीपणाचे काम आहे. १३ जुलै २००९ ही निधनाची तारीख तेवढी बरोबर छापली आहे.

इंग्रजी उपशीर्षके नाहीत, त्यामुळे परदेशात वाढलेल्या नातवंडांसाठी संच घेऊ नये. घरी चांगले स्पीकर असतील तर अडीचशे रुपये जास्त नाहीत. मात्र पैसे देण्यापूर्वी तिसरी तबकडी दुकानातच शेवटपर्यंत पळवून पाहावी, कारण दिगूचे ते अखेरचे भान हरपलेले हसू तिच्या अगदी शेवटच्या मिनिटांत आहे.