मोफत वकील, पण कुणाचा? मुलाच्या ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ प्रकरणात विधी सेवा प्राधिकरणाची सेवा किती कामाची

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण म्हटलं की लोकांना वाटतं, ज्यांना वकील परवडत नाही त्यांची सोय. अर्धं खरं आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अटच नाही. म्हणजे रिक्षावाल्याच्या पोराला जो मोफत वकील मिळतो, तोच फॉर्च्युनरवाल्याच्या पोरालाही मिळतो. फोन १५१००, टोल-फ्री. अर्ज साध्या कागदावर चालतो, ऑनलाइन चालतो, लिहिता येत नसेल तर तोंडीही चालतो. वकिलाची फी, कोर्ट फी, नकलांचा खर्च, सगळं त्यात आलं.

इथे ही सेवा एकाच प्रकरणापुरती तपासली आहे: अठराच्या आतला मुलगा किंवा मुलगी दारू पिऊन गाडी चालवताना नाकाबंदीत सापडली तर. अशा वेळी घरचे आधी ओळखीच्या वकिलाला फोन लावतात. इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. ती समजायची तर कायद्यात काय लिहिलंय ते आधी बघायला हवं.

दारूसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. मुलासाठी हे तुलनेनं हलकं, कारण प्रकरण नेहमीच्या कोर्टाऐवजी अठराच्या आतल्यांसाठीच्या बाल न्याय मंडळाकडे जातं आणि ३ वर्षांपर्यंतच शिक्षा असलेला गुन्हा तिथे ‘किरकोळ’ धरला जातो. खरा घाव २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १९९-अ मध्ये आहे. अल्पवयीन मुलानं वाहन चालवताना गुन्हा केला, की पालक किंवा वाहनमालक दोषी: ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, शिकाऊसुद्धा नाही. शिवाय कायदा असं गृहीतच धरतो की गाडी पालकांच्या किंवा मालकाच्या संमतीनं नेली. तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर.

आता वडिलांना सुटायचं तर दोनच वाटा आहेत. ‘मला माहीतच नव्हतं’, नाहीतर ‘मी पुरेपूर काळजी घेतली होती’. दोन्हींचा मराठीत अर्थ एकच: किल्ली कपाटात होती, पोरानं न विचारता नेली. हे वाक्य वडिलांना वाचवतं आणि मुलाच्या गळ्यात कलम १९७ अडकवतं, म्हणजे परवानगीशिवाय वाहन नेणं, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. भरीस भर, मंडळापुढे जामीन मागताना हेच वडील सांगणार की मुलगा माझ्या धाकात आहे, मी लक्ष ठेवीन. एका कोर्टात ‘माझ्या नकळत नेली’ आणि दुसरीकडे ‘माझ्या नजरेखाली असतो’. दोन्हीकडे एकच वकील उभा असेल तर तो कुणाचा घात करतो ते विचारायला नको. फी वडील देतात, त्यामुळे उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं.

म्हणून या सेवेचा सर्वांत मोठा गुण मोफत असणं हा नाहीच. प्राधिकरणाचा वकील फक्त मुलाचा असतो. पैसेवाल्या घरांनीही वडिलांसाठी खासगी आणि मुलासाठी प्राधिकरणाचा, असे दोन वेगळे वकील ठेवावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता उणी बाजू. रात्री दोन वाजता ठाण्यात पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला, वकील हजर होईल या भरवशावर राहू नका. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार मुलाला ताब्यात घेतल्यावर पोलिसांनीच प्राधिकरणाला कळवायचं असतं. पण ते कळवणं आणि वकील प्रत्यक्ष मुलापाशी पोचणं यात सकाळ उजाडते. तेवढा वेळ पालकांनाच किल्ला लढवावा लागतो, तेव्हा नियम पाठ असलेले बरे. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. बेडी नाही. कुठल्याही जबाबावर त्याची सही घेता येत नाही. त्याच्याशी बोलायचं काम बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याचं, तेही शक्यतो साध्या कपड्यांत. किरकोळ गुन्ह्यात मुलावर एफआयआर नसतो, स्टेशन डायरीत नोंद होते आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो. ताब्यात ठेवलंच तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळापुढे हजर करावं लागतं. ठाणे अंमलदाराशी हुज्जत घालून यातलं काही मिळत नाही. डायरीतल्या नोंदीची वेळ विचारून आपल्या वहीत लिहून ठेवली तर पुढे वकिलाला ती सोन्यासारखी उपयोगी पडते.

वेळ का महत्त्वाची? कलम २०२ प्रमाणे कलम १८५ खाली अटक झालेल्याची दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. १०० मिलिलिटर रक्तातलं अल्कोहोल ताशी साधारण १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरतं, म्हणजे उशिरा घेतलेला नमुना वेगळीच गोष्ट सांगतो. उलट शेवटचा घोट घेतल्यावर पाचच मिनिटांत श्वास तपासणाऱ्या मशीनमध्ये फुंकर मारायला लावली, तर तोंडात उरलेल्या दारूमुळे मशीनचा आकडा फुगतो. पंधरा मिनिटं थांबणं ही त्यावरची साधी खबरदारी. चांगला वकील पहिल्या भेटीत मशीनची छापील पट्टी मागतो. त्या चिटोऱ्यावर मशीनचा क्रमांक, वेळ आणि आकडा असतो. मग तो मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर दाखवतंय ना याची तपासणी, कधी झालं होतं ते विचारतो. थर्मल कागद असल्यानं महिनाभर पाकिटात राहिला तर अक्षरं पुसट होतात, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स. वकिलानं पट्टीचं नावच काढलं नाही तर समजून जा.

वकिलाची दुसरी परीक्षा वयाच्या पुराव्यावर. इथे आधार कार्ड पुढे करणारे खूप. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी. मुलगा सतरा वर्षं अकरा महिन्यांचा असेल तर या एका कागदावर अख्खं प्रकरण कुठल्या दारी जाणार ते ठरतं.

मंडळापुढे मात्र ही सेवा जोरात आहे. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांपैकी एक महिला, अशी मंडळाची रचना. तिथली भाषा फौजदारी कोर्टापेक्षा निराळी असते. खासगी फौजदारी वकील तिथेही उलटतपासणीच्या थाटात उभे राहतात आणि मुलाच्या पार्श्वभूमीची चौकशी करणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसर) अहवालाकडे ढुंकूनही बघत नाहीत. मंडळावर नेमलेला पॅनेल वकील तो अहवाल आधी वाचतो, कारण निकाल बहुतांशी त्यावरच झुकतो. जामीन बाल न्याय कायद्याच्या कलम १२ खाली, आणि तो देणं हा नियम: सोडल्यामुळे मूल गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतू फसेल, असं दिसलं तरच नकार. शेवटचा आदेश समज देण्यापासून समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं इथपर्यंत, आणि टोकाला ३ वर्षांपर्यंत विशेष गृह. किरकोळ गुन्ह्याची चौकशी ४ महिन्यांत आणि वाढवलेल्या २ महिन्यांतही पुरी झाली नाही तर ती बंदच होते. याचा फायदा मुलाला मिळतो. वडिलांचं १९९-अ चं प्रकरण नेहमीच्या कोर्टात तसंच चालू राहतं.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या पोर्शेनं दोघांचा जीव घेतला, तेव्हा मंडळानं सांगितलेला ३०० शब्दांचा निबंध लोकांनी शिक्षा समजून घेतला. तो जामिनाच्या अटींपैकी एक होता. त्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळानं जुलै २०२५ मध्ये फेटाळली. सोळा ते अठरा वयोगटात ती वाट फक्त ‘घोर’ गुन्ह्यात उघडते. किमान शिक्षाच ७ वर्षं असेल तरच गुन्हा घोर, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्येच स्पष्ट केलं होतं, तेही दिल्लीतल्या एका अल्पवयीन चालकाच्याच प्रकरणात. पुण्यातल्या प्रकरणात खरी वाताहत झाली ती आसपासच्या मोठ्यांची: रक्ताचा नमुना बदलल्याचे आणि ड्रायव्हरला पुढे केल्याचे आरोप, त्यावरून अटका. पोराला वाचवायला ‘गाडी ड्रायव्हर चालवत होता’ असं सुचवणारे काका-मामा प्रत्येक घरात निघतात. त्यांना त्या रात्री ठाण्याबाहेर चहाच्या टपरीवरच बसवावं.

तक्रारी कोणत्या? दर्जा वकिलागणिक बदलतो. एकाच्या हाती एका दिवशी पाच-सहा प्रकरणं असतात, भेट कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या होते, फोन उचलला जाईलच असं नाही. पॅनेलचं मानधन तुटपुंजं, त्याचा परिणाम दिसतो. कुणी ‘खर्चापाणी’ मागितलं तर देऊ नका. पॅनेल वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. प्राधिकरणाचे सचिव हे स्वतः न्यायिक अधिकारी असतात. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या कार्यालयात त्यांच्या नावे लेखी अर्ज दिला की वकील बदलून मागता येतो. अर्जात राग नको, तारखा हव्यात: अमुक दिवशी गैरहजर, तमुक दिवशी अहवालाची प्रत घेतली नाही.

सेवेच्या कक्षेत काय येत नाही तेही बघा. मोफत वकील मुलाला मिळतो, वडिलांना आपोआप नाही. त्यांचं वार्षिक उत्पन्न महाराष्ट्रातल्या ३ लाखांच्या मर्यादेत असेल, ते स्वतः कोठडीत असतील किंवा कलम १२ मधल्या अनुसूचित जाती-जमाती, अपंग अशा दुसऱ्या एखाद्या गटात बसत असतील तरच. अपघातात कुणी जखमी झालं असेल तर भरपाईचा दावा वेगळा. लायसन्स नसलेल्या चालकाच्या बाबतीत विमा कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावून नंतर मालकाकडून वसुली होऊ शकते, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तर नावच काढू नका. मुलाला दारू कुणी दिली हाही वेगळाच विषय: बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. बारवाल्यावर हे लावायचा आग्रह मुलाच्या वकिलानं धरला तर तो मन लावून काम करतोय असं समजायला हरकत नाही.

वयाचा आणखी एक घोळ. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१, बाकी दारूसाठी २५, गोव्यात १८. त्यामुळे एकोणीस वर्षांचा कॉलेजकुमार म्हापशात कायदेशीर पितो आणि सावंतवाडीत बेकायदा. गाडीच्या कायद्याला याचं काही पडलेलं नाही, दोन्हीकडे ३० मिलिग्रॅमच. पण एकोणिसाव्या वर्षी बाल न्याय मंडळ नाही, थेट न्यायदंडाधिकारी, आणि मोफत वकील मुलीला मिळेल. मुलाला उत्पन्न, कोठडी किंवा कलम १२ मधल्या दुसऱ्या एखाद्या निकषावरच. गोव्यात भाड्याच्या स्कूटरवर सतरा वर्षांचा सापडला तर १९९-अ मधला ‘मालक’ म्हणून स्कूटर देणाराही अडकतो, आणि १५१०० तिथूनही लागतो.

मंडळाच्या पहिल्या तारखेला सोबत न्यायचं: शाळेचा दाखला मूळ आणि दोन प्रती, गाडीचं आरसी, ब्रेथ टेस्टच्या पट्टीची झेरॉक्स, ठाण्यातल्या वेळा लिहिलेली वही. आणि वकीलपत्रावर वरचं नाव मुलाचं आहे ना, वडिलांचं नाही ना, ते सही करण्यापूर्वी एकदा वाचून घ्यायचं.