पाहिली एक सुझानी, घरी आली दुसरी

टेबलावर सुझानी, म्हणजे उझबेकिस्तानातलं भरतकाम केलेलं मोठं कापड, उलटी पसरली आणि मी मटकन खुर्चीत बसले. वरून फुलं डाळिंबी, वेली हिरव्या. पण मागून सगळीकडे एकच पांढरा दोरा, मशिनच्या बॉबिनचा, ओळीने आणि एकसारखा. मशिनवर भरताना कापडामागे लावतात त्या फ्युजिंगची कापून उरलेली कागदी पट्टीही कडेला चिकटलेली होती. नाशिकला 31 वर्षं मी मुलींना शिवण आणि भरतकाम शिकवलं आहे. मशिनचं काम मला बोटांनीसुद्धा कळतं. बुखाऱ्यात जी सुझानी मी हातात घेतली होती, उलटीपालटी करून पाहिली होती, जिच्यासाठी 350 डॉलर मोजले होते, ती ही नव्हतीच.

म्हणून लिहिते आहे. आपल्याकडून हल्ली बरीच मंडळी उझबेकिस्तानला जातात आणि तिकडच्या हस्तकलांचं आकर्षण असणाऱ्या बायका तर खूपच. त्यांच्यातल्या एकीचे पैसे वाचले तरी मला बरं वाटेल.

सुरुवात इथेच झाली, आपल्या गावात. मी आणि माझी नणंद अशा दोघींनी ‘उझबेक हस्तकला विशेष’ अशी आठ दिवसांची सहल घेतली, माणशी 1,12,000 रुपये. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं: रेशीम कार्यशाळा, कुंभारकाम कार्यशाळा, भरतकाम कार्यशाळा, कारागिरांच्या घरी भेट. गावांची नावं कुठेच नव्हती. मी समजून चालले की रेशीम म्हणजे मार्गिलान आणि मातीची भांडी म्हणजे रिश्तान. ज्याला या कलांची थोडी माहिती आहे तो असंच समजेल. फोन करून विचारलंसुद्धा. पलीकडून उत्तर आलं, “सगळं आहे मॅडम, काळजी करू नका.” लेखी मागितलं नाही, ही माझी चूक.

नकाशा उघडून बघितला असता तर तेव्हाच कळलं असतं. मार्गिलान आणि रिश्तान ही दोन्ही गावं फरगाना खोऱ्यात आहेत, ताश्कंदच्या पूर्वेला, कमचिक घाटाच्या पलीकडे. समरकंद आणि बुखारा बरोबर उलट दिशेला, नैर्ऋत्येकडे. आमच्या सगळ्या रात्री ताश्कंद, समरकंद आणि बुखारा इथे होत्या. फरगाना खोऱ्यात एकही मुक्काम नाही, म्हणजे मार्गिलान नाही आणि रिश्तानही नाही. कोणी ‘हस्तकला सहल’ विकत असेल तर आधी मुक्कामांची गावं बघा. तेवढ्यावरून निम्मं कळतं.

आमची ‘रेशीम कार्यशाळा’ ताश्कंदमध्येच निघाली. मोठा हॉल, दारात एक हातमाग आणि त्यावर बसलेली विशीतली मुलगी. आमची बस थांबली आणि तिने धोटा मारायला सुरुवात केली. मागावर अब्र नक्षीचं कापड होतं. ताणाच बांधून रंगवायचा, मग विणायचं. आपल्याकडे इकत म्हणतात तेच. अब्र म्हणजे फारसीत ढग. आपला ‘अभ्र’ शब्द त्याच गोत्रातला. नक्षीच्या कडा ढगासारख्या विरघळलेल्या असतात म्हणून हे नाव. मी त्या मुलीजवळ उभी राहून कापडाचा पन्हा हाताने मोजला. जेमतेम हातभर. आत दुकानात मात्र त्याच नक्षीचे तागे दीड मीटर पन्ह्याचे! त्या मागावर ते तागे विणले जाणं शक्यच नव्हतं. माझ्या मनात हे आलं आणि मी ते बोलले नाही. गट पुढे सरकला होता, नणंद स्टोल निवडत होती, गाईड सारखं “शंभर टक्के सिल्क” म्हणत होता. तिने 25 डॉलरला एक असे तीन स्टोल घेतले. घरी आल्यावर एका स्टोलच्या कडेचा धागा काढून जाळला. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. हा धागा वितळला, त्याची कडक काळी गोळी झाली. पॉलिएस्टर.

एक गोष्ट मात्र खरी होती आणि ती सांगितलीच पाहिजे. समरकंदजवळ कोनिगिल गावात ओढ्याच्या काठी तुतीच्या सालीपासून कागद करतात. तिथे आम्हाला सालीचा बाहेरचा काळा थर खरवडताना दाखवला, उकळलेली साल हातात दिली, पाणचक्कीवर चालणारे लाकडी मुसळ तिला कुटताना पाहिले, आणि मग वाळलेला कागद गुळगुळीत दगडाने घासून चकाकी आणणारी बाई. तिच्या शेजारी बसून मी एक कागद स्वतः घासला. घासायच्या आधीचा खरबरीत आणि नंतरचा मऊ, दोन्ही तुकडे मी जपून ठेवलेत. तिथे मी जे घेतलं ते त्याच ढिगातलं होतं, माझ्यासमोर उचलून दिलेलं. फरक कुठे आहे हे मला त्या दिवशी दिसायला हवं होतं.

आता बुखारा.

जुन्या बुखाऱ्यात घुमटांखालचे बाजार आहेत. एकाचं नाव तोकी सर्राफोन, म्हणजे सराफांचा घुमट. आपला सराफ कट्टा आठवला आणि परकेपणाच गेला. गाईड आम्हाला तिथून आतल्या गल्लीतल्या एका घरी घेऊन गेला. छान अंगण, तुतीचं झाड, चहा, किशमिश. साठीची एक बाई ओट्यावर बसून भरत होती. तिचं काम अस्सल होतं, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. बस्मा नावाचा टाका ती घालत होती: लांब धागा आडवा टाकायचा आणि परतताना त्याच धाग्याने त्याला बारीक तिरके टाके देऊन दाबत यायचं. पुस्तकात ‘बुखारा’ नावाने हा टाका मी मुलींना शिकवला होता. तो बुखाऱ्यातच कोणाच्या तरी हातून उतरताना बघून माझे डोळे भरून आले. तिने मला शेजारी बसवलं, सुई हातात दिली, मी चार टाके घातले. ती हसून काहीतरी म्हणाली, गाईडने सांगितलं, “तुमचा हात बसलेला आहे म्हणते.”

तिच्या मागे भिंतीवर एक सुझानी टांगलेली होती. दुकानदाराने, गाईड त्याला बाईंचा भाचा म्हणाला, ती खाली काढून माझ्या मांडीवर पसरली. मी तपासली, आणि नीट तपासली. जुन्या पद्धतीत सुझानीचं कापड अरुंद पट्ट्यांचं असतं. पट्ट्या सैल जोडून त्यावर नक्षी काढतात, मग उसवून घरातल्या बायका एकेक पट्टी वाटून घेतात आणि भरून झाल्यावर पुन्हा जोडतात. मुलीच्या लग्नात द्यायची वस्तू ही. त्यामुळे जोडावर अर्धं फूल दुसऱ्या अर्ध्याशी तंतोतंत जुळत नाही, रंगही किंचित हलतो. इथे तसंच होतं. एका कोपऱ्यात एक फूल मुद्दाम अर्धवट सोडलेलं होतं, तीही तिकडची रीत. मागच्या बाजूला गाठी, धाग्यांची टोकं. मी त्या अर्धवट फुलाचा मोबाइलवर फोटो काढला.

“ओपा, ऐंशी वर्षांची आहे, माझ्या आजीची,” दुकानदार म्हणाला. ओपा म्हणजे ताई. किंमत 600 वरून 350 वर आली. कार्डाचं मशीन बंद आहे म्हणाला, मी रोख डॉलर दिले. मग त्याने सुझानी घडी घातली आणि “प्रवासासाठी नीट बांधून देतो” म्हणत आत नेली. पाच मिनिटांनी चिकटपट्टीने घट्ट बांधलेलं पुडकं घेऊन आला. वरच्या पारदर्शक प्लास्टिकमधून डाळिंबी फुलं दिसत होती. पावती हाताने लिहिलेली, तिच्यावर फक्त ‘सुझानी 1’. निघताना त्याने गाईडच्या हातात दुमडलेल्या नोटा दिलेल्या मी पाहिल्या. चहापाण्याचे असतील, असं वाटलं.

पुडकं मी तिथे उघडलं नाही. हॉटेलवरही नाही, कारण पुन्हा तसं बांधता येणार नाही अशी भीती होती. ते उघडलं नाशिकला, अकरा दिवसांनी. अर्धवट फूल नव्हतं. सगळी फुलं पुरी, सगळी सारखी, आणि कुठे जोडही नाही. सलग रुंद कापड.

‘ऐंशी वर्षांची’ हा शब्द ऐकल्यावरच मी थांबायला हवं होतं. उझबेकिस्तानातून 50 वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाहीत. म्हणजे त्याचं म्हणणं खरं असतं तर ताश्कंद विमानतळावर ती माझ्याकडून काढून घेतली जाऊ शकली असती, आणि खोटं असेल तर मी जुन्याचे पैसे नव्याला देत होते. त्याने परवानगीच्या कागदाचा विषयच काढला नाही, आणि मीही विचारलं नाही.

घरी आपण पैठणी घेताना काय करतो? पदर उलटा करून बघतो, मागे धागे लोंबत नाहीत ना हे तपासतो, आणि मग ती साडी डोळ्यांसमोर पिशवीत जाते. येवल्यात मी हे शंभरदा केलं आहे. बुखाऱ्यात पहिलं केलं आणि दुसरं सोडलं. वस्तू तपासून झाल्यावर ती नजरेआड जाऊ द्यायची नाही. आत बांधायला नेत असतील तर आपणही आत जायचं, किंवा तशीच घडी घालून आपल्या बॅगेत टाकायची. बांधून मिळाली तर पुडकं तिथेच उघडून बघायचं. कोणाला राग आला तर येऊ दे.

मला पैशांपेक्षा त्या बाईंचं जास्त लागलं. तिच्या हाताकडे बघून आम्ही विश्वास टाकला, आणि तो विश्वास मशिनच्या कापडावर खपवला गेला. भिंतीवरची ती सुझानी बहुधा त्याच संध्याकाळी पुन्हा भिंतीवर गेली असेल, पुढच्या बसची वाट बघत. बाईंना त्या 350 मधलं किती मिळालं असेल? सुरतेच्या यंत्रमागावरची साडी हातमागाची पैठणी म्हणून विकली जाते तेव्हा येवल्याच्या विणकराचं जे होतं, तेच तिचंही होत असणार.

परत आल्यावर गाईडला फोटो पाठवले. त्याने पाहिले आणि नंतर माझा नंबर बंद केला. सहल कंपनीचं म्हणणं, खरेदी ही प्रवाशाची वैयक्तिक बाब, अटींमध्ये तसं छापलं आहे. ते खरंच छापलेलं आहे, बारीक अक्षरात. पण ‘कार्यशाळा’ आणि ‘कारागिरांच्या घरी भेट’ हेही त्यांनीच छापलं होतं, आणि हॉलच्या दारातला एक माग म्हणजे कार्यशाळा नव्हे. सुरुवातीला खरेदी बाजूला ठेवून मी तेवढ्याच मुद्द्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, 1915 वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीने पुढच्या सहलीवर माणशी 8,000 रुपयांची सवलत देऊ केली. नणंद म्हणाली, “वहिनी, आपण परत यांच्याबरोबर जाणार आहोत का?” आम्ही ती घेतली नाही.

रोख दिले नसते तर बँकेकडे दाद मागता आली असती. तो रस्ता मी स्वतःच बंद केला. तक्रारीला आता कार्यक्रमपत्रिका, मुक्कामांची यादी, नणंदेच्या स्टोलचा धागा जाळल्याचा व्हिडिओ आणि ते दोन फोटो जोडले आहेत: एकात कोपऱ्यातलं अर्धवट फूल, दुसऱ्यात त्याच कोपऱ्यातलं पुरं.