गोल्ड २०० की फिनिक्स २००?
कॅमेऱ्यातल्या रंगीत फिल्म रोलमध्ये कोडॅक गोल्ड ओळखीचा, हार्मनचा फिनिक्स नवखा. नागपूरच्या उन्हात कोणता भरायचा? दोन्ही २०० आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता सारखी), दोन्ही सी-४१ (रंगीत निगेटिव्ह धुण्याची नेहमीची प्रक्रिया). दुपारी दीक्षाभूमीचा पांढरा घुमट टिपताना गोल्ड दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाशही पचवतो. फिनिक्सचा कॉन्ट्रास्ट तीव्र: घुमट कोरा, सावल्या काळ्याकुट्ट. संध्याकाळी फुटाळा तलावावर ट्रायपॉड लावा, मग दिव्यांभोवतीचं फिनिक्सचं लालसर वलय बघाच!

खरी मेख स्कॅनिंगमध्ये. फिनिक्सला रंगीत निगेटिव्हवर असते ती नेहमीची नारिंगी छटा (मास्क) नाही, त्यामुळे ठरलेल्या सेटिंगवर रंग भरकटतात. लॅबला रोल देतानाच तो फिनिक्स असल्याचं सांगा. मे महिन्यात कुठलाही रोल गाडीत ठेवू नका.

लग्न, सहल असेल तर गोल्ड. फिनिक्स मऊ उजेडात, निवांत प्रयोगासाठी.