हा जियांग लूप, बाइकच्या मागच्या सीटवरून : आठ महिन्यांनंतर लिहितेय

परत आल्या आल्या लिहायला घेतलं होतं, पण तेव्हा प्रत्येक वाक्यात नुसतं अप्रतिम, स्वर्ग, शब्दच नाहीत असं यायला लागलं म्हणून ठेवून दिलं. आता आठ महिने झालेत. काय मनात राहिलं आणि काय फक्त गॅलरीत पडून आहे ते आता नीट कळतंय, म्हणून आता लिहिते.

मी ५२ वर्षांची, सांगलीची. बरोबर माझी नणंद, माझ्याहून चार वर्षांनी लहान. दोघींनी गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी उत्तर व्हिएतनाममधला हा जियांग लूप केला, म्हणजे हा जियांग गावातून निघून डोंगरातून फिरून परत तिथेच, ४ दिवस ३ रात्री, साधारण ३५० किलोमीटर, सगळा डोंगर, सगळा घाट. लिहितात हा जियांग (यातला 'हा' नावातलाच), तिथले लोक मात्र हा झांग म्हणतात. आणि हो, १ जुलै २०२५ पासून हा प्रांत शेजारच्या तुयेन क्वांग प्रांतात विलीन झालाय, त्यामुळे नकाशावर, पत्त्यावर तुयेन क्वांग दिसलं तर गोंधळून जाऊ नका, गाव तेच.

बाइक आम्ही चालवली नाही, मागे बसलो. तिकडे ईझी रायडर म्हणतात, म्हणजे स्थानिक मुलगा बाइक चालवणार, तुमची बॅग मागे बांधणार आणि तुम्ही मागे बसून बघत जायचं. पुतण्याने मला निघायच्या आधी दहा वेळा ऐकवलं की काकू तू सांगलीत रोज गाडी चालवतेस, तिथे स्वतः चालव, मजा येईल. माझं आज ठाम मत आहे की मागे बसलो तेच बरोबर केलं, आणि ते फक्त भीतीपोटी नाही. पहिलं म्हणजे लायसन्स. आपल्या आरटीओकडून मिळतं ते आंतरराष्ट्रीय परमिट १९४९च्या जिनिव्हा कराराखालचं असतं आणि व्हिएतनाम मानतं १९६८च्या व्हिएन्ना कराराचं, म्हणजे आपलं तिथे चालत नाही. दुकानदार बाइक बिनदिक्कत भाड्याने देतात, कोणी काही विचारत नाही, पण वाटेत पोलीस अडवतात आणि दंड होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे वैध लायसन्स नसताना पडलात तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले हात वर करतात. आम्हाला वाटेत तीन ठिकाणी खरचटलेली, प्लास्टर घातलेली मुलं दिसली, सगळी विशी-पंचविशीची, सगळी स्वतः चालवणारी. दुसरं कारण साधं आहे, घाटात गाडी चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच असते. मला आजूबाजूला बघायचं होतं.

खर्च सांगते कारण मला मेसेज येतात ते त्यासाठीच. रायडर, बाइक, पेट्रोल, राहणं, जेवणं सगळं धरून माणशी अठरा हजार रुपयांच्या आसपास पडलं. ढोबळ हिशेब म्हणजे १ रुपयाला ३०० डाँग (तिथलं चलन), त्यामुळे बिलं लाखांत येतात आणि पहिले दोन दिवस छातीत धस्स होतं, नंतर सवय होते. ई-व्हिसा २५ डॉलरचा, तो घरी बसून होतो. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, हनोईहून हा जियांग ३०० किलोमीटर, व्हॅनने सहा-सात तास.

आता तक्रारीचं आधी सांगून टाकते. बुकिंग आम्ही हनोईत राहत होतो तिथूनच केलं, नाव लिहीत नाही. आठ जणांचा ग्रुप असं तोंडी सांगितलं होतं आणि सकाळी बघतो तर बावीस बाइक उभ्या. बावीस बाइक म्हणजे प्रत्येक ठिकाणी बावीस जणांची लाइन, फोटोला, बाथरूमला, जेवायला. पहिल्या रात्री येन मिन्हला मुक्काम होता, तिथे जेवणं झाल्यावर कराओके सुरू झालं ते साडेबारापर्यंत, आणि आम्ही दोघी फळीच्या पार्टिशनपलीकडे उशा कानावर घेऊन पडलेलो. मक्याची दारू असते तिकडे, हॅपी वॉटर म्हणून पर्यटकांना देतात, "मोत, हाय, बा, झो" म्हणजे एक, दोन, तीन, चला असं ओरडून सगळे एकदम पितात आणि प्याला रिकामा झाला की एकमेकांशी हात मिळवतात. ती पद्धत मला खरंच आवडली. आम्ही पीत नाही म्हणून सांगितल्यावर कोणी आग्रह केला नाही, आमच्या प्याल्यात चहा ओतला आणि हात तेवढ्याच प्रेमाने मिळवला. पण रायडर मुलंही त्याच पंगतीत बसलेली होती, ते मला अजिबात आवडलं नाही. व्हिएतनाममध्ये २०२०पासून नियम असा आहे की चालवणाऱ्याच्या श्वासात दारूचा अंशसुद्धा चालत नाही. रात्री उशिरापर्यंत पिऊन सकाळी आठला घाट चढायचा म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. मी सकाळी सरळ ग्रुपच्या गाइडकडे गेले आणि म्हटलं आमचे दोघे रायडर पिणारे नकोत आणि आज रात्री आमची सोय वेगळ्या घरात करा. तो बिचारा ओशाळला, पण दोन्ही गोष्टी केल्या त्याने. तेव्हा बायांनो, बोलायला लाजू नका, आणि बुकिंगच्या वेळी ग्रुपमध्ये किती बाइक हे लेखी घ्या.

आमच्या वाट्याला मग जे दोन रायडर आले ते पुढचे तीन दिवस सख्ख्या भावांसारखे वागले. माझा अठ्ठावीस वर्षांचा, ताय समाजाचा. मला तो "ची" म्हणायचा, म्हणजे ताई. त्यांच्याकडेही नुसतं तू-मी नसतंच, समोरचा वयाने मोठा की लहान हे आधी विचारतात आणि मग ताई, दादा, काकी असं नात्यानेच बोलतात, त्यामुळे पहिल्याच भेटीत वय विचारलं तर राग मानू नका. मी आपली सवयीने त्याला दादा म्हणत होते, दुसऱ्या दिवशी त्याने अर्थ विचारला, सांगितल्यावर इतका हसला, म्हणे मी तुमच्याहून लहान, मी "एम". पण मला दादाच यायचं तोंडात, मग तोही दादा म्हटलं की वळून बघायला लागला. इंग्रजी बेताचं, बाकी फोनवर ट्रान्सलेट करून. प्रत्येक वळणाआधी हॉर्न, उतारावर गिअरमध्ये, कधी ओव्हरटेकची घाई नाही.

पहिल्या दिवशी क्वान बाच्या खिंडीतून ते दोन गोल डोंगर बघितले, सुंदर आहेत. त्यापुढचं लुंग ताम हे गाव मात्र कोणी चुकवू नका. ह्मोंग या डोंगरी समाजातल्या बायकांची सहकारी संस्था आहे तिथे, हेम्पच्या (भांगेच्या जातीचं झाड) दोऱ्याचं कापड विणतात. झाडाची साल हाताने सोलून काढायची, त्याचे बारीक पट्टे टोकाला टोक जोडून लांब दोरा करत जायचा, मग राखेच्या पाण्यात उकळून उकळून पांढरा करायचा. आमच्या आजोळी अंबाडीचे वाख असेच सोलायचे, ते दिवस एकदम डोळ्यांसमोर आले. एक बाई लाकडी रुळावर ठेवलेल्या जड दगडावर दोन्ही पाय ठेवून उभी होती आणि डावीकडे-उजवीकडे झुलत होती, दगडाखालून कापड गुळगुळीत होत होतं. तिची बोटं नखांपासून दुसऱ्या पेरापर्यंत निळी, निळीत हात बुडवून बुडवून कायमची निळी झालेली. मी तिथून एक स्टोल घेतला. आठ महिन्यांचा अनुभव असा की पहिल्या दोन धुण्यांना बादली निळी झाली, वेगळाच धुवा, मिठाच्या पाण्यात घातला मी, त्यानंतर रंग थांबला. आधी कडक होता, मानेला टोचायचा, आता इतका मऊ झालाय की सुती साडीच्या पदरासारखा लागतो.

दुसऱ्या दिवशी थाम मा घाट, सा फिनचा ह्मोंग राजाचा वाडा (अफूच्या पैशावर बांधलेला, खांबांच्या दगडी पायथ्यांना अफूच्या बोंडाचा आकार आहे, ते बघा) आणि चीनच्या हद्दीजवळचा लुंग कूचा ध्वजस्तंभ. झेंडा ५४ चौरस मीटरचा, देशातल्या ५४ समाजांसाठी. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघेवाल्यांनी सावकाश.

पण या पट्ट्यात मी खरं बघत बसले ते शेतं. हे सगळं डोंग वानचं चुनखडीचं पठार, २०१०मध्ये युनेस्कोच्या जिओपार्कच्या यादीत आलेलं, म्हणजे नजर जाईल तिथे काळा टोकदार दगड. माती जवळजवळ नाहीच. आणि त्या दगडांच्या खळग्या-खळग्यांतून मक्याची वाळलेली धाटं उभी. मला वाटलं आपोआप उगवलंय काहीतरी. दादाने गाडी थांबवली आणि दाखवलं, की खालून पाठीवरच्या टोपलीत माती भरून आणतात, एकेका खळग्यात ओततात, कडेला दगड रचतात म्हणजे पावसाने वाहून जाऊ नये, आणि मग त्यात मक्याचे दोन-चार दाणे. एक खळगा म्हणजे जेमतेम आपल्या परातीएवढा. तसे शेकडो. एक म्हातारी आजी तेवढ्यात टोपली घेऊन वर चढत होती, आम्हाला बघून थांबली, हसली, परत चढायला लागली. मी शेतकऱ्याची मुलगी आहे, काळ्या कसदार मातीत वाढले. तिथे मी बराच वेळ काही बोलले नाही.

त्या रात्री आमची वेगळी सोय झाली ती डोंग वानच्या अलीकडे एका ह्मोंग घरात. मातीच्या जाड भिंती, आत चूल, वर तुळईला मक्याची कणसं टांगलेली. गारठा चांगलाच होता, गाद्या जमिनीवर, पण गोधड्या जड आणि स्वच्छ. संडास बाहेर, गरम पाणी होतं. पहाटे पाचला घरघर ऐकून मी उठले, बाहेर येऊन बघते तर जातं! आपल्यापेक्षा मोठं, उंच मांडलेलं, लांब लाकडी दांडा, दोघींनी उभं राहून ढकलायचं. घरातली आजी आणि सून मका दळत होत्या. मी खुणेने विचारलं आणि सुनेच्या जागी उभी राहिले. माझ्या आजीच्या दोन ओव्या होत्या पाठ, त्या म्हटल्या, आजी दांडा न थांबवता माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने तिचं काहीतरी म्हटलं. एक अक्षर कळलं नाही आम्हाला एकमेकींचं. ते पीठ मग पाण्याचा हबका मारून वाफवतात, बाहेर काढून हाताने मोकळं करतात, परत पाणी शिंपडून परत वाफवतात, त्याला मेन मेन म्हणतात. चवीला आपल्या कण्यांसारखं, कोरडं, त्यामुळे पातळ रश्श्याबरोबर खायचं. घरी आल्यावर मी चार-पाच वेळा करून बघितलं, जाडसर रवाळ पीठ लागतं, दोनदा वाफवण्याचा कंटाळा केला तर गिचका होतो.

खाण्याचं विचारतात म्हणून सांगते, नणंद पूर्ण शाकाहारी. "अन चाय" एवढं पाठ करा, तिकडे चाय म्हणजे शाकाहार. तरी माशाचा सॉस सगळ्यात असतो, तो "नुओक माम" नको असं वेगळं सांगायचं. भात, लसूण घालून परतलेली पालेभाजी, टोमॅटोच्या रश्श्यातलं टोफू, हे रोज मिळालं. चौथ्या दिवशी तिला कंटाळा आला, शेंगदाण्याची चटणी नेली होती म्हणून निभावलं. चटणी न्याच.

तिसरा दिवस मा पी लेंग. डोंग वान ते मेओ वाक २० किलोमीटरचा घाट, खाली न्यो क्वे नदी, हिरवीगार, वरून दोऱ्याएवढी. या रस्त्याचं नाव हान्ह फुक, म्हणजे सुखाचा रस्ता. हा जियांगपासून मेओ वाकपर्यंतचा हा १८५ किलोमीटरचा रस्ता १९५९ ते १९६५ या काळात तरुण स्वयंसेवकांनी छिन्नी-हातोडा, पहार आणि सुरुंगाच्या दारूने काढला, आणि या घाटाचा सगळ्यात अवघड कडा फोडायला मुलं ११ महिने कमरेला दोर बांधून कड्यावर लटकत होती. आता तिथे त्यांचं स्मारक आहे. सगळे व्ह्यूपॉइंटवर फोटोला पळतात, स्मारकापाशी आम्ही चौघंच होतो. खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाला नाणं टाकल्याशिवाय माझे वडील कधी पुढे गेले नाहीत, माझाही हात आपोआप पर्समध्ये गेला. एक रुपया ठेवला तिथे. दादाने विचारलं काय, मी सांगितलं रस्ता दाखवणाऱ्याला देतो आम्ही. तो म्हणाला त्याचे आजोबा या रस्त्यावर होते. दोन दिवस बरोबर होता, तोवर बोलला नव्हता.

तू सानच्या दरीत बोटीत बसून आलो, चांगलं आहे, गर्दी फार. तिथून झू झा या गावाला जाताना रस्ता ठिकठिकाणी उखडलेला, दरडी काढायचं काम चालू, कंबर अक्षरशः मोडली. कंबरेचा पट्टा न्यावा, मी नेला नव्हता, परत आल्यावर तीन आठवडे फिजिओथेरपी झाली. पुढच्या वेळी ४ ऐवजी ५ दिवस घेईन, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटरच बरे. हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं मागून घ्या, आम्हाला आधी पातळ टोपीसारखं दिलं होतं. रेनकोट स्वतःचा न्या, त्यांचा काखेत फाटका निघाला आणि नेमका झू झाच्या वाटेवर पाऊस. झू झाला मात्र ताय लोकांचं खांबांवरचं लाकडी घर, खाली म्हशी, शेजारी ओढा, रात्री कराओके नाही, बेडकांचा आवाज. शांत झोपलो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुट्टूचं पीक फुलतं तिकडे, गुलाबी शेतं, त्यासाठी लोक येतात, आम्हालाही मिळाली बघायला. पण मका पावसाच्या तोंडावर पेरतात म्हणे. मागच्या आठवड्यात दादाचा मेसेज होता, त्यात एका खळग्याचा फोटो, दोन पानं वर आलेली. खाली ट्रान्सलेट करून लिहिलेलं, ताई, आजीचा मका उगवला, ती विचारते ती गाणारी बाई परत कधी येते.

पुढच्या मे महिन्याची तिकिटं बघतोय आम्ही दोघी. यावेळी रायडरशीच थेट ठरवलंय, दोनच बाइक, पाच दिवस, आणि त्यातल्या दोन रात्री त्याच घरात.