सिडनीतील फायब्रोचे घर आणि ॲस्बेस्टॉस काढून देणारी सेवा : एक सविस्तर अभिप्राय

वेंटवर्थविल, ब्लॅकटाउन, परमॅटा या पश्चिम सिडनीच्या पट्ट्यात जुने घर घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. आमचे घर साठच्या दशकातले, फायब्रोचे, म्हणजे ॲस्बेस्टॉस हे धागेदार खनिज मिसळलेल्या सिमेंटच्या सपाट पत्र्यांनी मढवलेले आहे. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर नव्याने करायचे ठरले, तेव्हा तेथील ॲस्बेस्टॉस आणि मागच्या गॅरेजचे छप्पर काढण्याचे काम आम्ही याच भागातील एका परवानाधारक कंपनीला दिले. मुख्य काम उत्तम झाले आणि दोन बाबतींत कंपनी कमी पडली. या सेवेचा मोठा भाग घरमालकाच्या नजरेआड घडतो, त्यामुळे तिची पारख कशावरून करावी हे आधी माहीत असणे फार गरजेचे आहे.

ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आली ती ३१ डिसेंबर २००३ पासून. घरबांधणीतला त्याचा वापर ऐंशीच्या दशकात ओसरत गेला होता, तरी १९९० पूर्वीच्या घरात तो कोठेतरी असणारच असे धरून चालावे; देशातील साधारण दर तीन घरांपैकी एका घरात तो आहे, असा सरकारी यंत्रणेचा अंदाज आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई असताना फायब्रो स्वस्त, हलका, वाळवी न लागणारा आणि आगीला दाद न देणारा म्हणून सर्रास वापरला गेला. बाहेरच्या भिंती आणि वळचणी तर दिसतातच, पण न्हाणीघराच्या टाइलांमागचे पत्रे, वीज मीटरचा जुना काळा बोर्ड, कुंपणाचे पन्हाळी पत्रे आणि जमिनीवर अंथरलेल्या व्हिनाइलच्या (प्लॅस्टिकसारख्या आच्छादनाच्या) खालचा कागदासारखा थर यांतही तो असतो, आणि या जागा बहुतेकांच्या ध्यानात येत नाहीत.

पत्रा अखंड, रंगवलेला आणि न हलवलेला असेल तोवर धोका अत्यल्प असतो. तो कापला, भोक पाडले, सँडपेपरने घासला किंवा जोरदार पाण्याच्या झोताने धुतला की अतिसूक्ष्म धागे हवेत सुटतात, श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाहीत. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग संपर्कानंतर वीस-तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटनूमची निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण १९६६ मध्ये बंद झाली, आणि तेथे काम केलेली व नुसती राहिलेली माणसे त्यानंतर कित्येक दशके दगावत राहिली. पीडितांच्या भरपाईसाठी लढणारे बर्नी बँटन २००७ मध्ये ॲस्बेस्टॉसमुळे झालेल्या आजारानेच गेले. इतक्या उशिरा येणाऱ्या आजाराचे भय माणसाला आज वाटत नाही, आणि म्हणूनच शनिवार-रविवारी स्वतः हातोडी घेऊन जुने न्हाणीघर फोडणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते.

आपल्या लोकांना हे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. भारतात ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आजही कायदेशीररीत्या बनतात आणि विकले जातात. आपल्यापैकी अनेकांचे बालपण अशाच सिमेंटच्या पत्र्याखाली गेले आहे. त्यामुळे ‘आमच्या गावच्या घरालाही हाच पत्रा होता, काही झाले नाही’ हे वाक्य इथल्या मराठी घरांतून हमखास ऐकू येते. आमच्या घरीही वडीलधाऱ्यांनी ते म्हटले, आणि त्यांना समजावून सांगावे लागले की भारतातच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिलेला आहे. निरुपद्रवी वस्तूसाठी कोणी असा आदेश देत नाही.

आता कंपनीविषयी. पहिली चांगली गोष्ट म्हणजे तिने पाहणीच्या आधी दर सांगण्यास नकार दिला. त्यांच्या माणसाने घर फिरून ठिकठिकाणचे छोटे नमुने घेतले; प्रत्येक जागा आधी ओली केली, तुकडा काढल्यावर उरलेली कड रंगाने बंद केली, आणि नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवले. डोळ्यांनी पाहून ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही, त्यासाठी ध्रुवीकृत प्रकाशाचे सूक्ष्मदर्शक लागते. म्हणून नुसत्या नजरेने ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगणाऱ्यावर विसंबू नये. अहवालात न्हाणीघराच्या भिंती आणि गॅरेजचे छप्पर अपेक्षेप्रमाणे आले. स्वयंपाकघरातल्या व्हिनाइलच्या खालचा थरही ॲस्बेस्टॉसचा निघाला, आणि सगळ्या कामाचे स्वरूप त्यामुळे बदलले.

आमच्या न्यू साउथ वेल्स राज्यात ॲस्बेस्टॉस काढण्याच्या परवान्याचे दोन वर्ग आहेत. बी वर्गाच्या परवान्यावर सिमेंटमध्ये घट्ट बांधलेला ॲस्बेस्टॉस काढता येतो. हाताने चुरडला जाईल असा सुटा, भुसभुशीत ॲस्बेस्टॉस काढायला ए वर्गाचाच परवाना लागतो. व्हिनाइलखालचा तो थर भुसभुशीत प्रकारात मोडतो. हा भेद कागदी मुळीच नाही. कॅनबेरात छपराच्या पोकळीत उष्णतारोधक म्हणून सुटा ॲस्बेस्टॉस भरलेली हजाराहून अधिक घरे अखेर सरकारला विकत घेऊन पाडावी लागली. आमच्याकडे आलेले सर्वांत स्वस्त कोटेशन एका बी वर्गाच्या कंत्राटदाराचे होते, आणि व्हिनाइलही ‘त्यातच उरकून देतो’ असे त्याने सांगितले. आम्ही निवडलेल्या कंपनीचा दर त्याच्या जवळजवळ दीडपट होता. तो फरक व्हिनाइलच्या कामाचा आहे हे एकदा कळल्यावर आम्हाला तो जास्त वाटला नाही. परवाना क्रमांक राज्याच्या नोंदणीत तपासता येतो. तो प्रत्येकाने तपासावाच. काम सुरू होण्याच्या किमान पाच दिवस आधी कंपनीने नियामकाला सूचना देणे बंधनकारक आहे, तिची प्रत आम्हाला न मागता मिळाली.

स्वयंपाकघराचे काम ज्या काळजीने झाले ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. सगळी खोली जाड प्लॅस्टिकने आतून मढवली, दाराशी कपडे बदलण्यासाठी एकामागे एक कप्पे उभारले, आणि गाळणी लावलेले यंत्र आतली हवा सतत खेचत राहील अशी व्यवस्था केली, म्हणजे एखादी फट राहिलीच तर हवा बाहेरून आत जाईल, आतून बाहेर येणार नाही. ते यंत्र सुरू करण्यापूर्वी त्यांनी आत धूर सोडला आणि एक जण घराभोवती फिरून धूर कोठून निसटतो ते पाहू लागला. चिमणीच्या जुन्या झडपेतून बाहेरच्या भिंतीवर बारीकशी रेघ उठली. ती जागा आतून पुन्हा बंद करून धूर दुसऱ्यांदा सोडला गेला, आणि भिंत स्वच्छ राहिल्यावरच कामगार पूर्ण अंगरखे आणि श्वसनयंत्रे चढवून आत गेले. ही चाचणी टाळली असती तरी आम्हाला कधी कळले नसते. स्वतंत्र तपासनिसाने काम चालू असताना बाहेरची हवाही मोजली. दर मिलिलिटर हवेत ०.०१ धाग्यांच्या खाली आकडा राहिला पाहिजे, आणि तो सतत खाली राहिला.

न्हाणीघर आणि गॅरेज त्या मानाने सोपे होते. पत्रे पाण्याच्या बारीक फवाऱ्याने ओले ठेवले, खिळे एकेक उपसून पत्रा शक्यतो अखंड उतरवला, प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, चिकटपट्टी लावून त्यावर इशाऱ्याची चिठ्ठी डकवली. गॅरेजवरून एकही पत्रा खाली फेकला गेला नाही. दोघा-दोघांनी तो हातोहात उतरवला.

काम संपले म्हणजे घर वापरायला मोकळे झाले असे नसते. त्यासाठी क्लिअरन्स प्रमाणपत्र, म्हणजे जागा स्वच्छ व वापरण्यास सुरक्षित असल्याचा दाखला लागतो, आणि ते देणारा तपासनीस काढणाऱ्या कंपनीपासून स्वतंत्र असावा लागतो. कंपनीने आपल्या ओळखीचा तपासनीस सुचवला होता, त्यात नियमाविरुद्ध काही नव्हते, तरी आम्ही स्वतः शोधलेल्या माणसाला बोलावले. त्याने विजेरी आडवी धरून तिच्या प्रकाशात प्रत्येक तुळईवर धूळ राहिली आहे का ते पाहिले, खिडकीच्या सरकत्या खाचेत बोट घातले, मग घराखालच्या पोकळीत सरपटत शिरला आणि न्हाणीघराच्या बरोबर खाली, विटांच्या खांबाशी पडलेला पत्र्याचा बोटभर तुकडा घेऊन बाहेर आला. प्रमाणपत्र त्या दिवशी मिळाले नाही. कंपनीची माणसे दुसऱ्या दिवशी सकाळीच आली, तेथील मातीचा वरचा थर काढून नेला, आणि त्याबद्दल हुज्जत घातली नाही. तो तुकडा कदाचित मूळ बांधकामाच्या वेळीच तेथे पडलेला असेल, तरी आधीच्या पाहणीत त्यांनी घराखाली उतरायला हवे होते. ही त्यांची पहिली उणीव.

दुसरी उणीव पैशाची. तपासनिसाला पुन्हा यावे लागल्यास त्याचे शुल्क कोणी द्यायचे, हे करारात लिहिलेले नव्हते. ते आम्हाला भरावे लागले, आणि दोन ई-मेलनंतर कंपनीने अर्धे परत केले. करारावर सही करण्यापूर्वी हे कलम मागून घ्यावे. नवे पत्रे बसवणे, विजेची जोडणी आणि नळकाम कोटेशनमध्ये नसते, हेही लक्षात ठेवावे. ते नसल्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण आमच्या कंपनीने पहिल्या भेटीतच तसे स्पष्ट सांगितले होते.

कचरा कोठे गेला, याचा कागद मागण्याचा संकोच करू नये. या राज्यात १०० किलोपेक्षा जास्त ॲस्बेस्टॉस कचरा किंवा १० चौरस मीटरपेक्षा जास्त पत्रे नेताना त्या खेपेची पर्यावरण यंत्रणेकडे नोंद करावी लागते. आम्हाला खेपेचा क्रमांक आणि कचराभूमीची वजनपावती दोन्ही मिळाली. २०२४ च्या जानेवारीत सिडनीतील रोझेल येथील नव्या उद्यानात झाडांभोवती पसरलेल्या लाकडी भुश्यात ॲस्बेस्टॉसचे तुकडे सापडले आणि पुढे अशी अनेक ठिकाणे उघडकीस आली, त्यांत काही शाळाही होत्या. आपल्या घरातून निघालेले पत्रे अशा कोणत्याही ढिगात गेलेले नाहीत, हे सांगणारी पावती मला प्रमाणपत्राइतकीच मोलाची वाटते.

घरमालकाने १० चौरस मीटरपर्यंतचा, सिमेंटमध्ये घट्ट बांधलेला ॲस्बेस्टॉस परवान्याशिवाय काढण्यास कायद्याची मुभा आहे. एका लहान न्हाणीघराच्या भिंतीच ती मर्यादा ओलांडतात, आणि घरात मुले असताना त्या मुभेचा उपयोग करावा असे मला वाटत नाही.

कंपनीच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिने सोडून दिलेले काम. बाहेरच्या भिंती आणि वळचणीही काढून टाकाव्यात असे आमच्या मनात होते. त्यांच्या पर्यवेक्षकाने प्रत्येक पत्रा पाहून सांगितले की तो सुस्थितीत आहे, रंग धरून आहे, तेव्हा नुसता रंगवत राहा आणि भोके पाडू नका. त्यांना तेवढे अधिक पैसे मिळाले असते. कोणत्या खोलीत काय शिल्लक आहे याचा नकाशा त्यांनी करून दिला, आणि तो आता आम्ही घरी येणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनला आणि रंगाऱ्याला काम सुरू होण्यापूर्वी दाखवतो. घराचे छप्पर बदलायची वेळ येईल तेव्हा वळचणींचे काम याच कंपनीला देणार आहोत. तपासनीस मात्र पुन्हा आमचाच असेल, आणि घराखालची पाहणी कोटेशनमध्ये लिहून घेतलेली असेल.