66 पैशांची हिरवी वीज: अकरा महिन्यांनंतर

ऑगस्ट 2021 पासून घरच्या मीटरला ग्रीन टॅरिफ, म्हणजे सौर-पवनसारख्या अपारंपरिक विजेचा दर, लावून घेतलंय. मार्च 2021 मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने त्याला मंजुरी दिली, तेव्हापासूनच डोक्यात होतं. योजना अशी: 2021 च्या मंजुरीनुसार युनिटमागे 66 पैसे जास्त द्यायचे आणि कंपनीने वर्षाकाठी त्याचं प्रमाणपत्र द्यायचं. आतापर्यंत 2,340 युनिट झाले, म्हणजे 1,544 रुपये 40 पैसे जादा. चाळीस पैसेही लिहितोय, कारण तेही माझ्याच खिशातून गेलेत.

अर्ज सोपा होता. पुढच्याच बिलात रक्कम लागली, त्यात कंपनीने जराही दिरंगाई केली नाही. घोडं अडलं ते प्रमाणपत्रावर. मार्च संपला, एप्रिल गेला, मे गेला. कस्टमर केअरला 3 फोन केले. पहिल्या मुलीला वाटलं, मला गच्चीवर सोलर बसवायचंय. दुसऱ्याने नावबदलाचा फॉर्म पाठवला. तिसऱ्याने नुसतं होल्डवर ठेवलं. शेवटी जूनअखेर मेलवर पीडीएफ आली.

एकच पान. कोपऱ्यात हिरवं पान, मधे "100 टक्के अपारंपरिक ऊर्जा". बस्स! किती युनिट, ते नाही. सौर की पवन, ते नाही. साताऱ्याकडच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांची की आणखी कुठली, पत्ता नाही. अहो, कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा पावतीवर किलो लिहितो. युरोपात दर 1000 युनिटांमागे जे उगम-प्रमाणपत्र निघतं, त्यावर केंद्राचं नाव, जागा, वीज कधी तयार झाली, सगळं असतं. आपल्याकडेही 2010 पासून आरईसी, म्हणजे अपारंपरिक विजेची प्रमाणपत्रं, आहेत. एक आरईसी म्हणजे मोजून 1000 युनिट. घरगुती ग्राहकाला मात्र टक्केवारी आणि पानाचं चित्र.

इथे एक कबुली. सुरुवातीला मी "आमच्याकडे वाऱ्याची वीज येते" असं सांगत फिरायचो. मेव्हण्याने विचारलं, "वारा पडला की तुमचा फ्रीज बंद पडतो का?" राग आला, पण त्याचं बरोबर होतं. तारेत कोळशाची, धरणाची, पवनचक्कीच्या पंख्याची सगळी वीज एकच. मनीऑर्डरसारखं आहे हे: गावाला पोचतात ते पैसे तुमचे, नोटा तुमच्या नव्हेत. म्हणजे मी 66 पैसे देऊन विकत घेतो ती फक्त नोंद. मग तीच अर्धवट असेल तर घेतलं काय?

दुसरी शंका याहून टोचणारी. वीज कंपन्यांना ठरावीक वाटा अपारंपरिक घ्यावाच लागतो, आरपीओ म्हणतात त्याला. माझे पैसे त्याच्या वर पडले की त्यातच जिरले? माझ्यामुळे कुठे एक तरी पंखा जास्त फिरला का? मेल करून विचारलं. उत्तर आलं, "पर्यावरणपूरक निर्णयाबद्दल आभार", आणि तक्रार बंद.

योजना तूर्त बंद केलेली नाही. महिन्याला 140 रुपये परवडतात. पुढच्या प्रमाणपत्रावर युनिट दिसले नाहीत, तर मात्र त्याच दिवशी अर्ज मागे.

तो नावबदलाचा फॉर्म का आला, तेही प्रमाणपत्र पाहून कळलं. अभिनंदन वडिलांचं केलंय. मीटर अजून त्यांच्याच नावावर आहे. ते 2009 साली गेले. हयातभर आमच्या मागे फिरून दिवे बंद करत आले, युनिटमागे 66 पैसे जास्त म्हटल्यावर मेन स्विचच पाडला असता. आईने प्रिंट काढून त्यांच्या फोटोखाली लावायला सांगितलीय. रंगीत प्रिंटचे 10 रुपये वेगळे.