बेन नेव्हिस: मळलेली वाट की धार?

स्कॉटलंडमधलं, ब्रिटनचं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस 1345 मीटर, आपली कळसूबाई 1646. आकडे बघून सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला हसू येतं, मलाही आलं होतं. पण इथे चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि वाटेत ना टपरी, ना ताक. एका दिवसात जाऊन यायला मुख्य वाटा दोन.

पायथ्याच्या ग्लेन नेव्हिस दरीतून जाणारी वाट सोपी. म्हणजे शोधायला सोपी, पायांना नाही. जाऊन-येऊन साधारण 17 किलोमीटर, सात ते नऊ तास. माथ्यावर 1883 साली वेधशाळा सुरू झाली, तिचं सामान तट्टांवरून नेता यावं म्हणून बांधलेली ही वाट. वेधशाळा 1904 साली बंद पडली, पडक्या भिंती अजून आहेत. भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन 1894 मध्ये तिथे होते. ढगांवर उमटणारी रंगीत वलयं पाहून त्यांनी प्रयोगशाळेत ढग करायला घेतले, त्यातून क्लाउड चेंबर, म्हणजे अणूहूनही सूक्ष्म कणांचे माग दाखवणारं उपकरण, आणि 1927 चं नोबेल. ती वलयं म्हणजे आपण कोकणकड्यावर ज्यासाठी ताटकळतो ते इंद्रवज्र.

एवढा इतिहास सोडला तर वाट कंटाळवाणी. अर्ध्या वाटेवरच्या तळ्यापर्यंत बरी, पुढे घसाऱ्यातली वळणं संपता संपत नाहीत. उन्हाळ्यात गर्दी असते. आणि डोंगराचं खरं रूप, उत्तरेचे कडे, चढताना दिसतच नाहीत.

ते बघायचे तर दुसरी वाट. उत्तरेकडच्या टोरलंडी गावाच्या बाजूने आधी कार्न मोर जेरग (1220 मीटर) चढायचा. इथल्या जुन्या गेलिक भाषेत मोर म्हणजे मोठा, जेरग म्हणजे लाल. ग्रॅनाइट खरंच तांबूस आहे. तिथून कमानीसारखी वळलेली धार बेन नेव्हिसला भिडते. उजव्या हाताला सहा-सातशे मीटरचे काळे कडे, मे महिन्यातही घळींत बर्फ. दगड खरखरीत, कोरडे असले तर बूट छान धरतात. मधूनमधून हात टेकावे लागतात. तांत्रिक काही नाही, दोराची गरज नाही, पण दोन्हीकडे दरी. धार संपली की मोठमोठ्या दगडांतून शेवटचा तीनशे मीटरचा चढ, आणि माझ्या मांडीत तिथेच गोळा आला. दिवसाचे दहा-अकरा तास धरा.

मी धारच निवडेन, पण वारा बघून. माथ्यावर जोराचा वारा सांगितला असेल तर धारेचा हट्ट नको. ज्यांनी रतनगड, तोरणा एवढंच केलंय त्यांनी आधी पहिली वाट करावी. धारेवरून गेलात तरी उतरायला तीच लागते, आणि तळ्यापासून टोरलंडीकडे वळताना दलदल.

धोका दोन्हीकडे एकच, माथ्यावरचं धुकं. सपाटी फसवी आहे, कड्याची कड अचानक येते. उतरताना माथ्यावरच्या सर्वेक्षणाच्या खांबापासून ग्रिड बेअरिंग (नकाशावरच्या उत्तरेपासून मोजलेली दिशा) 231 अंशांवर 150 मीटर, मग 282 अंश, हे कागदावर लिहून खिशात ठेवा आणि होकायंत्र वापरायला घरीच शिका. मोबाइल थंडीत बंद पडतो.

उन्हाळ्यात मिजेस, म्हणजे आपल्या चिलटांएवढे पण कडकडून चावणारे किडे. वारा असला की ते नसतात. धारेसाठी जो निवांत दिवस हवा, त्याच दिवशी पार्किंगमध्ये ते तुमच्या बुटांच्या नाड्या बांधून होण्याची वाट बघत नाहीत.